गोठ्यांचा फोटोग्राफर

गोठ्याचा फोटो काढायच्या आधी आमचे मालक गोठ्याकडे पाठ करून उभे राहायचे, कमरेत वाकायचे आणि आपल्याच दोन पायांमधून गोठ्याकडे बघायचे. पन्नाशीला टेकलेला, अंगानं भरलेला, पांढरा शर्ट आणि काळी टोपी घातलेला गृहस्थ भर दुपारी कुणाच्या तरी वस्तीवर असा वाकलेला दिसला की माणसं हातातली कामं टाकून जमा होत. शाहूवाडीकडच्या एका म्हाताऱ्यानं मला हळूच बाजूला घेऊन विचारलं होतं, "पावणं, ह्यास्नी पोटाचं काय दुखणं हाय का?" तोवर मालकांची टोपी धुळीत पडलेली असायची. लालबुंद तोंडानं ते सरळ व्हायचे, टोपी मांडीवर झटकायचे आणि म्हणायचे, "पडत न्हाई. उलटं केलं तरी हुबं ऱ्हातंय. काढूया."

हे उलटं बघायचं वेड त्यांना कॅमेऱ्यानं लावलं होतं. बाहेर न्यायचा त्यांचा कॅमेरा लाकडी, तीन पायांच्या स्टँडवरचा. डोक्यावर काळं कापड घेऊन मागच्या दुधी काचेत बघायचं आणि त्या काचेत सगळं उलटं दिसायचं, जमीन वर, आभाळ खाली. बाकीच्या फोटोग्राफरांना त्याची अडचण व्हायची, मालकांना तेच आवडायचं. सरळ बघितलं की आपण ही गव्हाण, ही गंजी, हे दार असं नावं घेत बसतो, उलटं बघितलं की कुठली बाजू जड झाली आणि कुठं रिकामं पडलं तेवढंच दिसतं, असं त्यांचं म्हणणं. "तुझं तोंड पण मी एकदा काचेत उलटं बघितलंय," ते मला म्हणाले होते. "डावीकडं जड हाय. सुपारी जरा उजवीकडं धरत जा."

मी त्यांच्याकडे रिटचिंगला होतो. महाद्वार रोडच्या मागं एका बोळात माडीवर त्यांचा स्टुडिओ होता. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून लोकांच्या देवीच्या व्रणांची आणि सुरकुत्यांची वासलात लावायची, काळ्या-पांढऱ्या फोटोत गालांना गुलाबी आणि शालूला हिरवा रंग भरायचा, हे माझं काम. म्हणून मला सगळे आर्टिस्ट म्हणत. माझ्या अम्माला मात्र या धंद्याचं कधी कौतुक वाटलं नाही. घरात भिंतीवर माणसाचा फोटो लावलेला तिला चालत नसे. अब्बा गेले तेव्हाही त्यांचा फोटो पेटीच्या तळाशीच राहिला. दिवसभर लोकांच्या भिंतींसाठी तोंडं रंगवायची आणि संध्याकाळी कोऱ्या भिंतींमध्ये जेवायला बसायचं, असं माझं चाललेलं असे.

त्या काळी आमच्याकडे आणखी एक काम यायचं. आता कुणाला सांगितलं तर लोक विषय बदलतात. घरातलं कुणी गेलं आणि त्याचा एकही फोटो नसला, तर घरची माणसं फोटोग्राफरला न्यायला येत. उचलायच्या आधी त्या देहाला भिंतीला टेकवून बसवायचं, पटका किंवा पदर नीट करायचा आणि फोटो घ्यायचा. मिटलेले डोळे उघडायचं काम माझ्याकडे असे. प्रिंटवर ब्रशनं मी डोळे काढायचो. त्यासाठी घरच्यांना विचारावं लागे की डोळे कसे होते. इतक्या वर्षांत मला धड सांगणारं कुणी भेटलं नाही. थोरला म्हणायचा आईचे डोळे मोठे होते, धाकटा म्हणायचा छे, बारीक. मग मी माझ्या मनानं काढायचो आणि दोघंही म्हणायचे, अगदी तिचेच.

अशा घरी गेल्यावर मालक आधी भांडण काढायचे. आई गेलेल्या माणसाला, चपला सुद्धा न काढता, दारातूनच म्हणायचे, "जित्ती असताना वाट घावली न्हाई व्हय रं स्टुडिओची? जत्रंला कोल्हापुरात येत हुतासा की! तवा काय झालतं?" रडणारा माणूस आणखी खचायचा. मला ते ऐकवत नसे. एकदा मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, "त्याला बोलत न्हाई मी. दारात शेजारी हुबं असत्यात न्हवं, त्यातलं एखादं तर शिकंल." एवढं बोलून झालं की मात्र त्यांचा आवाज बदलायचा. काळ्या कापडाआडून ते त्या गेलेल्या म्हातारीला, गिऱ्हाइकाला म्हणावं तसं हलकेच म्हणायचे, "आज्जी, जरा हिकडं बगा." सवयीनं म्हणत असतील. मला वाटतं त्यांना ती खरंच बघेल असं वाटायचं.

आणि या माणसाच्या घरात त्याच्या बायकोचा एकही फोटो नव्हता.

त्यांचं लग्न खेड्यात झालं, तिथं तेव्हा कॅमेरा पोचलेला नव्हता. पुढे स्वतःचा स्टुडिओ निघाला, तर तिथल्या पडद्यावर संगमरवरी जिना आणि कमळांचं तळं रंगवलेलं. "त्या खोट्या जिन्याम्होरं हिला हुबी करू? हिच्या बानं तरी बघितला हुता काय असला जिना?" असं म्हणून ते विषय मोडायचे. वैनींनाही तो जिना नको होता. त्यांना फोटो हवा होता तो माहेरच्या गुऱ्हाळघरापुढं. भोगावतीच्या काठाला त्यांच्या वडिलांचं गुऱ्हाळ होतं. लहानपणी त्या तिथं चुलवणापुढं उसाच्या चिपाडांच्या ढिगावर झोपायच्या, रस उकळायचा वास अजून उशाला येतो म्हणायच्या. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलतात, तशा त्या मला म्हणायच्या, "भावजी, माझा तेवढा एक फोटू तितं निघाला, की मी सुटलो बगा." मालक म्हणायचे, काढू की, उजेड तर मिळू दे. हा उजेड बरीच वर्षं मिळाला नाही.

सोमवारी पेठ बंद, स्टुडिओ बंद. त्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं निघायचो. कॅमेऱ्याची पेटी मालकांच्या मांडीवर, स्टँड माझ्या खांद्यावर, भाकरीची दुरडी वैनींच्या डोक्यावर. गाव ठरलेलं नसे. खिडकीतून एखादा दगडी गोठा किंवा कौलारू खोप दिसली की मालक कंडक्टरला ओरडून गाडी थांबवायला लावायचे. शिव्या मात्र स्टँडमुळं मी खायचो.

गावात फोटोवाला आला म्हटल्यावर घराघरांतून पोरांची तोंडं धुतली जात. गोठ्याचा मालक पटका बांधून, बैलांच्या शिंगांना तेल लावून पुढं उभा राही.

"जरा बाजूला व्हा," आमचे मालक म्हणत.

"कुठं हुबं ऱ्हाऊ?"

"कुठं बी, पर हितं नको. गोठ्याचा काढतोय."

"नुसत्या गोठ्याचा? गोठ्याचं लगीन ठरलंय काय पावणं?"

इथून पुढं प्रकरण हातघाईवर जाणार हे वैनींना माहीत असे. त्या आधीच बायकांत शिरलेल्या असत. कुणाची लेक कुठं दिली, कुणाच्या म्हशीनं लाथ मारली, हे विचारता विचारता दोरीवरची धुणी निघत, खताची पोती दाराआड जात, कुत्रं बांधलं जाई, आणि पटकेवाला पाहुणा चहाला आत बसलेला असे. मग वैनी पदर खोचून खराटा घेत आणि सगळं अंगण झाडून काढत. त्यावरून दोघांत कायमची कुरबूर होती. खराट्याच्या अर्धगोल रेघा मातीत उमटायच्या आणि फोटोत दिसायच्या. मालकांना त्या सुरुवातीला नको होत्या. पण त्याहून त्यांना राग होता तो झाडलेल्या अंगणात पावलं उमटली तर. म्हणून वैनी उलट्या पावली मागं सरत यायच्या आणि सरता सरता आपल्या पावलांवरून खराटा फिरवत यायच्या. कोपऱ्यावर पोचल्या की अंगण असं व्हायचं की तिथं जणू कुणी पाऊलच टाकलं नाही. "आता काढा तुमचा गोठा," त्या म्हणायच्या.

फोटोत माणूस का नको, हे मी एकदा विचारलं. डोकं फिरलेल्या माणसाचं उत्तर बहुधा तयार असतं, तसं त्यांचंही होतं. "माणूस आत आला की डोळा त्याच्याकडंच जातोय. घराला मग कोण बघतोय? माणसाला बघाय सारी दुनिया हाय." आणि थोड्या वेळानं, एसटीची वाट बघत बसलो असताना, ते आपणहून म्हणाले, "ही घरं ऱ्हात न्हाईत रं. माणसं एकामागनं एक हुत्यात. गोठा पडला की पडला." शिरोलीकडे तेव्हा कारखान्यांच्या शेडी उठायला लागल्या होत्या आणि गावोगाव कौलं उतरवून पत्रे चढत होते. पत्र्याचा त्यांना मनस्वी संताप. पत्र्यावर सावली बसत नाही, नुसती चकाकते, असं म्हणत ते रस्त्यात उभं राहून पत्र्याच्या घरांना नावं ठेवायचे. घरातली माणसं बाहेर येऊन ऐकत राहायची. पाऊस गळायचा थांबला म्हणून ती खुशीत असत, त्यांना हा राग कळत नसे. त्यांचंही काही चुकत नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात वैनींच्या भावाचा निरोप आला. पुढच्या हंगामापासून ऊस कारखान्याला जाणार, गुऱ्हाळघर पाडून तिथं शेड घालायची ठरली आहे.

त्या सोमवारी वैनींनी ठेवणीतलं हिरवं इरकल नेसलं होतं आणि नथ घातली होती. एसटीत त्या एकसारखा पदर सारखा करत होत्या. गुऱ्हाळघर खरंच देखणं होतं. धुरानं काळ्या पडलेल्या दगडी भिंती, त्यावर बसकी कौलं, अंगणाच्या कडेला उंच धुराडं. हंगाम संपलेला, रस उकळायची काहील पालथी घालून ठेवलेली. दिवस कलला की त्या धुराड्याची सावली समोरच्या भिंतीवर तिरपी येऊन टेकते, हे मालकांनी पायांतून बघून, मेहुण्यांना विचारून पक्कं केलं. ती सावली थोडाच वेळ टिकणार होती. वैनींनी तेवढ्यात इरकल वर खोचून अंगण झाडून घेतलं. नथ घालून अंगण झाडणारी बाई मी तेव्हाच पाहिली. मग खराटा हातात तसाच ठेवून त्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. "हा ठेवू कुठं?" म्हणाल्या.

"असू दे हातात. उजेड जाईल." मालक काळ्या कापडात शिरले.

मी त्यांच्या शेजारीच निगेटिव्हची काचेची प्लेट धरून उभा होतो. आतून त्यांचा श्वास ऐकू येत होता. "जरा डावीकडं," ते म्हणाले. वैनी सरल्या. "आणि जरा." त्या आणखी सरल्या. "मागं... डावीकडं." मग कापडाआडून, माझ्यासाठी नाही आणि कुणासाठीच नाही असं, ते पुटपुटले, "डोळा तिच्याकडंच जातोय." आणि पुन्हा मोठ्यानं, "आणि थोडी सर." वैनी सवयीनं उलट्या पावली, आपल्या पावलांवरून खराटा फिरवत, मागं मागं गेल्या आणि भिंतीच्या कोपऱ्याआड दिसेनाशा झाल्या. कापडातून हात बाहेर आला. मी प्लेट दिली. फोटो निघाला.

भिंतीमागून वैनींचा आवाज आला, "आलो का मी?"

"व्हय," मालक म्हणाले, "आलीस."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. खोटं बोलल्याची एक रेघ त्यावर नव्हती. भिंतीवरची सावली पुसट व्हायला लागली होती. दुसरी प्लेट घालेपर्यंत ती गेली, आणि मालक म्हणाले, आता उजेड मेला.

परतताना मालक खिडकीला डोकं टेकून झोपले होते. वैनी मला म्हणाल्या, "भावजी, मी काय खुळा हाय व्हय? भितीमागं हुबा ऱ्हाऊन फोटूत कसा येईन?"

"मग बोलला का न्हाई वैनी?"

त्या झोपलेल्या नवऱ्याकडे बघून हसल्या. "लई मन बसलं हुतं वो त्यांचं त्या घरावर. म्हटलं, काढू द्यात. माझा काय, कवा बी निघंल."

पावसाळ्यानंतर गुऱ्हाळघर पडलं. आणि थंडीत वैनींना कावीळ झाली. आधी कुणाला कळलं नाही, कळलं तेव्हा कुणाच्या हातात काही राहिलं नव्हतं. दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, स्टुडिओ उघडलाय का, त्यास्नी जेवायला कोण घालतंय. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

घरात माणसं जमली. वैनींच्या भावानं मालकांचा हात धरला आणि अडखळत म्हटलं, "दाजी, एक फोटू तरी घ्या. अक्काचा एक बी न्हाई." जमलेल्यांत आमची जुनी गिऱ्हाइकं होती. ज्यांच्या दारात मालकांनी भांडण काढलं होतं, त्यांतला एक जणही होता. तो खाली बघत राहिला. मी स्टँड उभा केला. वैनींना भिंतीला टेकवून बसवलं होतं, पदर नीट केला होता. मला सारखं एकच येत होतं मनात, की या वेळी डोळे कसे होते हे कुणाला विचारावं लागणार नाही. तपकिरी होते. हसताना उजवा डोळा डाव्यापेक्षा बारीक व्हायचा. मी ते झोपेतही काढले असते.

मालक काळ्या कापडात शिरले आणि बाहेरच येईनात. माणसं चुळबुळ करायला लागली. कापड हलत होतं एवढंच दिसत होतं. शेवटी मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "मालक, प्लेट देऊ?"

आतून आवाज आला, "आर्टिस्ट, जरा डावीकडं सर म्हणायचं हुतं रं तिला."

मी प्लेट खाली ठेवली.

"लोकांच्या आज्ज्यास्नी म्हणत आलो की मी. हिला म्हणवंना. म्हटलं आणि सरली न्हाई तर?"

ते बाहेर आले. टोपी आत कुठंतरी पडली होती, केस विस्कटले होते. त्यांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा मिटला आणि मेहुण्यांना म्हणाले, "न्हाई जमत. न्या तिला." मी इतक्या लोकांची तोंडं बघितली आहेत, पण त्या वेळचं त्यांचं तोंड मला कधी रंगवता आलं नसतं.

तेराव्याला पाटावर फोटो हवा, म्हणून नातेवाइकांत कुजबुज चालली होती. मालक सकाळपासून डार्करूममध्ये होते. बाहेर आले ते एक मोठी फ्रेम घेऊनच. ती त्यांनी पाटावर ठेवली, तिला कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. फोटो गुऱ्हाळघराचा होता.

कुणी हसलं नाही, पण माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एक म्हातारी उघडच म्हणाली, "डोस्कं फिरलं बिचाऱ्याचं." वैनींचा भाऊ पुढं झाला. "दाजी, ह्ये तर आमचं गुऱ्हाळघर."

"व्हय," मालक म्हणाले. "नीट बगा. ही भित हाय न्हवं, हिच्या डाव्या अंगाला, मागं हुबी हाय ती. मीच सर म्हटलं हुतं." आणि त्यांनी हार जरा डावीकडं सरकवला.

त्यानंतर गोठ्यांसाठी लाकडी कॅमेरा पेटीतून निघाला नाही. सोमवारी मालक घरातच बसून असत. स्टुडिओ चालू होता, लग्नं होत होती, खोट्या जिन्यापुढं नवरा-नवरी उभी राहत होती. एखाद्या घरून गेलेल्या माणसाच्या फोटोसाठी बोलावणं आलं, तर अजूनही जायचे. पण दारात भांडायचं त्यांनी सोडलं. चपला काढून आत जायचे आणि गेलेल्याच्या मुलाशेजारी आधी जरा वेळ बसायचे. मला त्यांचा पूर्वीचा आरडाओरडा हवासा वाटायला लागला होता.

ऐंशी सालानंतर रंगीत फोटो आले, रिटचिंगचं काम आटत गेलं, आणि एके दिवशी मालकही गेले. मूलबाळ नव्हतं. पुतण्यानं स्टुडिओ विकायला काढला. काचेच्या प्लेटा त्यानं धुऊन कुठल्याशा दुकानदाराला फोटोंच्या चौकटींसाठी दिल्या. कुठल्या तरी घरांत आता त्या काचांमागं दुसरीच माणसं हसत असतील. मला काय हवं ते ने म्हणाला, म्हणून मी ती फ्रेम मागितली. त्याला आश्चर्य वाटलं. एवढे चांगले फोटो सोडून हे पडकं गुऱ्हाळ कशाला, म्हणाला.

घरी आणली आणि खिळा ठोकायला लागलो, तर अम्मा आतून आली. तिला आता नीट दिसत नव्हतं. "माणूस न्हाई न्हवं त्यात?" तिनं विचारलं.

"न्हाई अम्मा. नुसतं घर हाय."

ती काही लगेच विश्वास ठेवणारी नव्हती. चष्मा पुसून, फ्रेमला नाक लागेल इतकी जवळ आली. बराच वेळ बघत राहिली. मग तिनं बोट काचेवर टेकवलं आणि मातीतल्या त्या अर्धगोल रेघांवरून हळूहळू डावीकडं नेलं, दारापासून भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत.

"अंगण लई बेस झाडलंय," ती म्हणाली. "पर ही बाई झाडता झाडता हिकडं कुठं गेली?"